समजात अवयव आणि रिचर्ड ओवेन : शब्द देणाऱ्या माणसाची गोष्ट



दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आला की शरीरशास्त्रीय पुरावे येतात. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर अशी चार चित्रं शेजारी शेजारी असतात. बाहेरून चौघांत काही साम्य नाही, पण आतली हाडं बघितली तर मांडणी एकच. अशा अवयवांना आपण समजात अवयव म्हणतो आणि या साम्याला रचनासादृश्य. शास्त्रीय नाव होमोलॉजी.

हा भाग शिकवताना एकदा वर्गातल्या एका मुलीने मला अडवलं. तिचं म्हणणं असं होतं की, समजात अवयव म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेले अवयव अशी आपण व्याख्या लिहितो. मग त्याच अवयवांचा पुरावा देऊन पूर्वज एकच होता असं सिद्ध करतो. हे तर गोल गोल फिरणं झालं! जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलं.

शंका अगदी योग्य होती. तिचं उत्तर पाठात सापडत नाही, ते इतिहासात सापडतं. या शब्दाला आजचा अर्थ देणारा माणूस कोण होता आणि त्याचं स्वतःचं मत काय होतं, हे कळलं की शंका आपोआप सुटते. म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो. त्याचं नाव सर रिचर्ड ओवेन. ‘डायनोसॉर’ हा शब्द तुम्ही लहानपणापासून वापरता ना? तोही याच माणसाने दिलेला.

लँकेस्टरचा मुलगा

रिचर्ड ओवेनचा जन्म २० जुलै १८०४ रोजी इंग्लंडमधल्या लँकेस्टर या गावी झाला. वडील वेस्ट इंडीजशी व्यापार करणारे. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते गेले आणि आईने घर सांभाळलं. शाळेत रिचर्ड फार चमकला असं काही नाही. सोळाव्या वर्षी, म्हणजे १८२० मध्ये, तो गावातल्याच एका शल्यचिकित्सकाच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. गावात तुरुंग होता आणि तिथे मेलेल्या कैद्यांची शवविच्छेदनं होत. त्या वयात शरीर आतून कसं असतं हे त्याने तिथे पाहिलं आणि त्याला त्याची गोडी लागली.

१८२४ मध्ये तो एडिंबराला वैद्यक शिकायला गेला. तिथे जॉन बार्कले यांची शरीररचनेवरची व्याख्यानं त्याला विद्यापीठापेक्षा जास्त आवडली. बार्कले माणसाच्या शरीराबरोबर प्राण्यांच्या शरीरांचीही तुलना करून शिकवत. पुढे तो लंडनला आला, १८२६ मध्ये शल्यचिकित्सकाची परीक्षा पास झाला. आता दवाखाना थाटायचा, असाच बेत होता. पण १८२७ मध्ये त्याला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात मदतनिसाची नोकरी मिळाली आणि आयुष्याची दिशा बदलली.

तेरा हजार नमुने आणि जळालेल्या वह्या

हे संग्रहालय म्हणजे जॉन हंटर या प्रसिद्ध शल्यचिकित्सकाने आयुष्यभर जमवलेला साठा. सुमारे १३,००० नमुने! बरण्यांत ठेवलेले अवयव, सांगाडे, कवट्या, जीवाश्म. पण एक मोठी पंचाईत होती. हंटरने लिहून ठेवलेली टिपणं त्याचाच मेहुणा एव्हरार्ड होम याने जाळून टाकली होती. त्यामुळे कुठल्या बरणीत कुठल्या प्राण्याचा कुठला भाग आहे, हे बऱ्याच ठिकाणी कळायला मार्गच नव्हता.

आता तुम्हीच विचार करा. समोर एका अनोळखी प्राण्याच्या हाडाचा तुकडा आहे. नाव नाही, चिठ्ठी नाही. ओळखायचं कसं? एकच उपाय, ताजा प्राणी घ्यायचा, तो कापून बघायचा आणि जुळवायचं. ओवेनने हेच काम वर्षानुवर्षं केलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एखादा प्राणी मेला की त्याचं शरीर ओवेनकडे येई. १८३५ मध्ये त्याचं लग्न संग्रहालयाचे प्रमुख विल्यम क्लिफ्ट यांच्या मुलीशी, कॅरोलिनशी झालं. एके दिवशी ती घरी आली तर दारातच मेलेला गेंडा पडलेला होता, असं सांगतात. तिने ते सगळं निभावून नेलं, हे विशेष.

या कामातून ओवेनच्या हाताला आणि डोळ्याला विलक्षण सवय लागली. हाड कुठल्याही प्राण्याचं असो, ते शरीरात कुठे बसतं आणि दुसऱ्या प्राण्यात त्याच्या जागी काय असतं, हे त्याला दिसू लागलं. १८३९ मध्ये न्यूझीलंडहून आलेला हाडाचा एक तुकडा त्याच्याकडे आणला गेला. लांबी जेमतेम १५ सेंटिमीटर, दोन्ही टोकं मोडलेली. तेवढ्यावरून त्याने सांगितलं की हे एका प्रचंड मोठ्या, शहामृगासारख्या पक्ष्याचं हाड आहे. अनेकांना ते पटलं नाही. १८४३ मध्ये तिथून पेट्या भरून हाडं आली आणि ओवेन बरोबर ठरला. तो पक्षी म्हणजे नामशेष झालेला मोआ.

आपल्या मुंबईचाही इथे संबंध येतो बरं का! वरळीच्या टेकडीतल्या खडकांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले होते. सहा कोटी वर्षांहून जुने. ते लंडनला गेले आणि १८४७ मध्ये ओवेननेच त्यांचं वर्णन करून त्यांना राना पुसिला हे नाव दिलं. आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. तुमच्या पुस्तकातल्या जोडणाऱ्या दुव्यांपैकी प्लॅटिपस आणि लंगफिश यांच्यावरही त्याने महत्त्वाचं काम केलं आहे.

एकाच हाडाला पाच नावं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

त्या काळी एक गोंधळ होता. माणसाची शरीररचना शिकवणारा एका हाडाला एक नाव देई. पक्ष्यांचा अभ्यासक त्याच हाडाला दुसरं, माशांचा अभ्यासक तिसरं. त्यातून फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड इथल्या पद्धती वेगळ्या. विशेषतः माशांच्या कवटीतल्या हाडांच्या बाबतीत तर नुसता गलबला होता. एकमेकांचं बोलणं समजायचं असेल तर तेच हाड ते तेच नाव, असा नियम हवा होता. पण दोन प्राण्यांतलं हाड तेच आहे, हे ठरवायचं कशावरून?

साम्य पाहणारा ओवेन काही पहिला नव्हता. १५५५ मध्येच फ्रान्सच्या पिएर बेलोंने माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी छापून हाडं जुळवून दाखवली होती. पुढे पॅरिसमध्ये झोफ्रवा या शास्त्रज्ञाने एक महत्त्वाचं तत्त्व मांडलं. अवयव लहान होईल, मोठा होईल, नाहीसाही होईल, पण शेजाऱ्यांच्या संदर्भातली त्याची जागा बदलत नाही. क्यूव्हिए हा त्याचा प्रतिस्पर्धी मात्र म्हणे की महत्त्व कामाला आहे, ज्या प्राण्याला जे काम करायचं तशी त्याची रचना. १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या दोघांचा मोठा वाद झाला. ओवेन पुढच्याच वर्षी पॅरिसला जाऊन आला होता. दोन्ही बाजू त्याला ठाऊक होत्या.

१८४३ मध्ये त्याची अपृष्ठवंशीय प्राण्यांवरची व्याख्यानं छापली गेली. पुस्तकाच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ दिलेले होते. त्यात त्याने दोन शब्द वेगळे केले. वेगवेगळ्या प्राण्यांत एकच काम करणारे अवयव म्हणजे ॲनालॉग, आपण त्याला कार्यसादृश्य म्हणतो. आणि आकार व काम कितीही बदललं तरी वेगवेगळ्या प्राण्यांत जो अवयव तोच असतो, तो होमोलॉग. झालं, एवढंच. झोफ्रवा दोन्हींसाठी जवळजवळ एकच शब्द वापरत असे. ओवेनने त्यांचे दोन कप्पे केले.

हा शब्द त्याने हवेतून काढला नव्हता. ग्रीक ‘होमोस’ म्हणजे तोच, एकच. ‘लोगोस’ म्हणजे संबंध, प्रमाण. तुम्ही भूमितीत समरूप त्रिकोण शिकता ना? त्यांच्या संगत बाजूंना इंग्रजी भूमितीत होमोलॉगस बाजू म्हणत. एक त्रिकोण लहान, दुसरा मोठा, पण समान कोनांसमोरच्या बाजू एकमेकींच्या जोडीच्या. ओवेनने हा भूमितीतला अर्थ स्वतः ध्यानात घेतला होता. त्रिकोणाच्या बाजूंना जो नियम, तोच त्याने हाडांना लावला.

एक साधं उदाहरण घेऊ. गावाकडचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परसू. शेजारीच तशाच बांधणीचा दुसरा वाडा आहे, पण त्याच्या मालकाने ओसरीत किराणा दुकान काढलं आणि माजघरात शिकवणी सुरू केली. तरी आत गेल्यावर तुम्ही ओळखता की नाही, की ही मुळातली ओसरी आणि हे माजघर? कारण काम बदललं, पण जागा आणि क्रम तोच. हे रचनासादृश्य. आणि हमरस्त्यावर पत्र्याच्या टपरीत किराणा दुकान असेल, तर ओसरीतलं दुकान आणि टपरी यांचं काम एक, पण बांधणी वेगळी. हे कार्यसादृश्य.

आता प्राण्यांकडे या. खांद्यापासून एक हाड, मग दोन हाडं, मग मनगटाची लहान लहान हाडं, मग तळहात, मग बोटं. हा क्रम माणसात आहे, जमीन उकरणाऱ्या मोलमध्ये आहे, वटवाघळात आहे, समुद्रात पोहणाऱ्या डुगाँगमध्येही आहे. घोड्यात बोटं कमी होत होत मधलं एकच उरलं, पण क्रम मोडला नाही. फुलपाखराच्या पंखात मात्र यातलं एकही हाड नाही. म्हणून पक्ष्याचा आणि फुलपाखराचा पंख हे समजात नाहीत.

परीक्षेत बहुतेक जण जिथे घसरतात ती जागा इथेच सांगून ठेवतो. पक्ष्याचा पंख आणि वटवाघळाचा पंख समजात आहेत का? उत्तर असं की, पुढचे पाय म्हणून ते समजात आहेत, कारण हाडांचा क्रम तोच. पण उडण्याचं साधन म्हणून समजात नाहीत. वटवाघळात लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी असते, पक्ष्यात बोटं आखडलेली आणि हातावर पिसं असतात.

नकाशा सापडला, पण कारण?

ओवेन इथेच थांबला नाही. १८४८ मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांच्या सांगाड्यावर आणि १८४९ मध्ये हातापायांच्या स्वरूपावर त्याची पुस्तकं आली. त्याने साम्याचे तीन प्रकार केले. दोन प्राण्यांतला जोडीचा अवयव, म्हणजे माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख, हा पहिला. एकाच शरीरात पुन्हा पुन्हा येणारे भाग, जसे पाठीचे मणके, हा दुसरा. आणि प्रत्येक प्राण्याची एका मूळ आराखड्याशी केलेली तुलना, हा तिसरा.

हा मूळ आराखडा, म्हणजे आर्किटाइप, त्याने चित्र काढून दाखवला. सगळ्या पृष्ठवंशीयांचे सांगाडे त्याच आराखड्याची वेगवेगळी रूपं आहेत असं तो म्हणे. पण असा प्राणी कधी जिवंत होता, असं त्याला म्हणायचं नव्हतं. त्याच्या मते तो विश्वनिर्मात्याच्या मनातला नकाशा होता.

काम एक नसताना रचना एक का, हा प्रश्न त्यालाही पडला होता. पोहायचं, उडायचं, उकरायचं आणि पळायचं यासाठी तेच ते सांधे आणि तीच ती हाडं लागतातच असं नाही. निव्वळ उपयोगावरून हे समजावता येत नाही, एवढं त्याने प्रामाणिकपणे मान्य केलं. जीवांचे प्रकार काही नैसर्गिक नियमांनी एकामागून एक आले असावेत, असंही त्याने सुचवलं आणि त्याबद्दल टीका झाल्यावर तो सावध झाला.

मग १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. ओवेन आणि डार्विन एकमेकांना चांगले ओळखत होते. दक्षिण अमेरिकेतून डार्विनने आणलेल्या जीवाश्म सस्तन प्राण्यांचा अभ्यास ओवेननेच केला होता. डार्विनने ओवेनचा नकाशा जवळजवळ तसाच उचलला, फक्त त्याचा अर्थ बदलला. आराखडा कुणाच्या मनात नव्हता, तो एका पूर्वजाच्या शरीरात होता. त्या पूर्वजाचे वंशज वेगवेगळ्या ठिकाणी गेले, अवयवांची कामं बदलली, पण वारशाने मिळालेला क्रम राहिला.

ओवेनला हे पटलं नाही. जीवसृष्टीत बदल झाले हे तो पूर्णपणे नाकारत नव्हता, पण नैसर्गिक निवड हे त्याचं कारण आहे, हे त्याला मान्य नव्हतं. १८६० मध्ये एका नियतकालिकात त्याने नाव न देता डार्विनच्या ग्रंथावर कडक टीका लिहिली आणि त्यात स्वतःच्या कामाची वाखाणणीही केली. लेखक कोण हे डार्विनला लगेच कळलं. मैत्री संपली.

दुसऱ्याचं श्रेय

मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना चांगलंच तेवढं सांगायचं, असं मी करणार नाही. ओवेन सहकाऱ्यांशी फार वाईट वागला.

गिडियन मँटेल नावाचा एक डॉक्टर होता. दवाखाना सांभाळून तो जीवाश्म शोधे. इग्वानोडॉन हा प्राणी त्यानेच १८२५ मध्ये जगापुढे आणला. ओवेनने १८४२ मध्ये डायनोसॉर हा गट केला, तेव्हा त्यातल्या तीन प्राण्यांपैकी दोन मँटेलने शोधलेले होते. पण श्रेय देताना ओवेनचा हात आखडे. १८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातात मँटेलच्या पाठीला जबर इजा झाली आणि पुढची अकरा वर्षं त्याने वेदनेत काढली. तो गेल्यावर एक निनावी मृत्युलेख छापून आला, त्यात त्याच्या कामाला कमी लेखलं होतं. तो ओवेननेच लिहिला असं मानलं जातं. मँटेलचा वाकडा झालेला कणा नमुना म्हणून ठेवला गेला, तोही ओवेन काम करत असलेल्या त्याच संग्रहालयात.

दुसरी गोष्ट मेंदूची. १८५७ मध्ये ओवेनने सांगितलं की माणसाच्या मेंदूत काही भाग असे आहेत जे वानरांत नसतात, म्हणून माणसाचा गटच वेगळा करावा. टी. एच. हक्सलीने आव्हान दिलं. त्याने आणि इतरांनी वानरांचे मेंदू कापून ते भाग दाखवून दिले. पुरावे समोर आले तरी ओवेन मागे हटेना. आकार वेगळा दिसला तरी भाग तोच असू शकतो, हे ज्याने जगाला शिकवलं, त्यालाच वानराच्या मेंदूतला तोच भाग मान्य करता येईना. डोळे तेच होते, पण उत्तर आधीच ठरलेलं होतं.

शेवटची वर्षं

१८५६ पासून ओवेन ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविषयक विभागांचा प्रमुख होता. नमुने दाटीवाटीने पडून होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत हवी म्हणून त्याने वीस-पंचवीस वर्षं पाठपुरावा केला. हे संग्रहालय फक्त विद्वानांचं नको, सामान्य माणसालाही ते पाहता यायला हवं, हा त्याचा आग्रह. १८८१ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात ते उघडलं. आज जगभरातले लोक ज्याला नॅचरल हिस्टरी म्युझियम म्हणून ओळखतात, ते हेच.

१८८४ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. पण घरात दुःख होतं. पत्नी आधीच गेली होती आणि १८८६ मध्ये एकुलता एक मुलगाही गेला. १८ डिसेंबर १८९२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, ओवेनने जगाचा निरोप घेतला.

त्या संग्रहालयाच्या मुख्य जिन्यावर बरीच वर्षं ओवेनचा पुतळा होता. डार्विनच्या जन्माला २०० वर्षं झाली त्या सुमारास तो हलवून तिथे डार्विनचा पुतळा बसवला गेला. शब्द मात्र कुणी हलवला नाही. १८७० मध्ये रे लँकेस्टरने सुचवलं की ओवेनच्या शब्दाला आराखड्याची जुनी कल्पना चिकटलेली आहे, म्हणून समान पूर्वजाकडून आलेल्या साम्याला वेगळा शब्द घ्यावा. पण लोकांनी होमोलॉजीच ठेवला. आज शास्त्रज्ञ तो जनुकांच्या क्रमालाही लावतात.

आता त्या शंकेचं उत्तर

सुरुवातीची शंका आठवा. हा पुरावा गोल गोल फिरतो का?

नाही. कारण समजात अवयव ओळखण्यासाठी पूर्वज माहीत असावा लागत नाही. ओवेनने ते जागा, शेजार आणि क्रम पाहून ओळखले, तेही डार्विनच्या ग्रंथाच्या सोळा वर्षं आधी. एकच पूर्वज सिद्ध करायची त्याला घाई नव्हती, उलट पुढे त्याने डार्विनला विरोधच केला. म्हणजे निरीक्षण आधी आलं आणि स्पष्टीकरण नंतर. डार्विनच्या विरोधकाच्या हातून आलेलं निरीक्षण डार्विनच्या उपयोगी पडलं, म्हणून त्याचं वजन जास्त.

गोंधळ आपल्या व्याख्येमुळे होतो. आजची व्याख्या लिहिताना आपण निरीक्षण आणि स्पष्टीकरण एकाच वाक्यात कोंबतो. उत्तरपत्रिकेत दोन वाक्यं करा. आधी लिहा, काय दिसतं. मग लिहा, ते का दिसतं.

लक्षात ठेवा

- समजात अवयव : रचना आणि जागा तीच, काम वेगळं असू शकतं. उदा. माणसाचा हात, देवमाशाचा पर.
- कार्यसदृश अवयव : काम एक, रचना वेगळी. उदा. पक्ष्याचा पंख, फुलपाखराचा पंख.
- १८४३ : ओवेनने दोन्ही संज्ञा वेगळ्या केल्या. १८५९ : डार्विनने समान पूर्वज हे कारण दिलं.

करून बघा

पोळ्याला किंवा एरवी बैल जवळून बघायला मिळाला तर त्याच्या पुढच्या पायाकडे नीट बघा. आपण ज्याला पुढचा गुडघा म्हणतो तो खरं तर त्याचं मनगट आहे आणि दुभंगलेला खूर म्हणजे दोन बोटांची टोकं. मग त्याचं कोपर कुठे असेल? आधी स्वतःच्या हातावर बोट ठेवून क्रम मोजा, मग बैलाच्या पायावर शोधा आणि वहीत आकृती काढून मला दाखवा.